न मोजलेले अकरा किलोमीटर

बद्रीनाथ तौर जिंतूर तालुक्यातून पुण्याला आले ते अठ्ठ्याहत्तर साली. जवळ आयटीआयचा दाखला होता, एक पत्र्याची पेटी होती आणि अक्षर मोत्यासारखं होतं. त्या अक्षरावरच पिंपरीच्या एका पंपांच्या कारखान्यात त्यांना ट्रेसरची नोकरी मिळाली. इंजिनिअर पेन्सिलीनं आराखडा काढायचा, ट्रेसरनं त्यावर पारदर्शक कागद ताणून तीच रेघ शाईनं उमटवायची, असं ते काम. दिवसभर ओणवं बसून मान अवघडायची. रेघ चुकली की ब्लेडनं खरवडायची, आणि खरवडलेलं दिसलं की साहेबांचं ऐकून घ्यायचं.

साहेब म्हणजे रंगनाथ देव. ते सदाशिव पेठेतून स्कूटरवर येत आणि आवाज न चढवता माणसाला जमिनीत गाडत. तौरांनी पहिल्याच महिन्यात एक माप अंदाजानं टाकलं होतं. देवसाहेबांनी कागद उजेडात धरला आणि विचारलं, "तौर, ही रेघ आहे की अफवा?" मग त्यांनी समजावूनही सांगितलं. ज्या मापाची खात्री नाही, तिथं रेघ तुटक काढायची. अखंड रेघेचा अर्थ एकच, की आपण इथं स्वतः मोजलेलं आहे. पंप फुटला तर तो त्या रेघेमुळं फुटतो, नुसत्या लोखंडामुळं नाही.

तौर बोपोडीला राहायचे, दोन खोल्यांत, मुळा नदीच्या जवळ. कारखान्यात सायकलनंच जायचे. जिंतूरकडं त्यांच्या गावच्या ओढ्याला वर्षातले चार महिने पाणी असे. इथं घराजवळून बारमाही नदी वाहत होती, आणि ती पुढं कुठं जाते हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. ऑफिसात विचारलं तर एकजण म्हणाला, संगमाला. आणि तिथून पुढं? सोलापूरकडं कुठंतरी, म्हणाला. तौरांना ते 'कुठंतरी' खटकलं. एका रविवारी ते भाकरी बांधून निघाले. संगमावर मुठा येऊन मिळाली, बंडगार्डन गेलं, मुंढवा, मांजरी, थेऊर मागं पडलं, आणि दुपारी कधीतरी त्यांची नदी भीमेच्या पात्रात शिरताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली. काठावर बसून भाकरी खाल्ली आणि परत फिरले.

तिथून चटक लागली ती लागलीच. पुढच्या रविवारी पवना, मग इंद्रायणी, मग मुळशीचा तलाव, कात्रजचा घाट, बापदेवाची चढण. बायको सोजरबाई सुरुवातीला कुरकुरल्या. नंतर त्यांनी एक अट घातली, की कुठंही जा, पण येताना मंडईतून आठवड्याची भाजी आणायची. त्यामुळं तौरांची प्रत्येक मोहीम, मग ती सासवडची असो की खडकवासल्याची, मंडईत मेथीच्या जुडीपाशी संपत असे. भाजीवाल्यांना हा घामाघूम, धुळीनं माखलेला माणूस चांगला ठाऊक झाला होता. भाव करायची त्याच्यात ताकद उरलेली नसते, हेही त्यांना ठाऊक होतं.

ब्याण्णव साली शेजारच्या टेबलावरच्या सुखदेवनं त्यांना मुळशीचा रस्ता विचारला; त्याला मेहुण्यासोबत सायकलनं जायचं होतं. तोंडी सांगण्यापेक्षा तौरांनी एका उरलेल्या लांबट ट्रेसिंगच्या पट्टीवर तो काढून दिला. रस्ता कागदाच्या मधोमध सरळ उभा केला. डाव्या हाताला जे लागतं ते डावीकडं, उजव्या हाताचं उजवीकडं. चढ असेल तिथं रेघ जाड, उतार असेल तिथं बारीक. पाणी मिळेल तिथं घागर, पंक्चरवाला असेल तिथं लहानसं चाक, सावली असेल तिथं झाड. वळण किती अंशाचं, हेही लिहिलं. सुखदेव जाऊन आला आणि म्हणाला, "आयला तौर, रस्त्यात एकदासुद्धा कुणाला विचारावं लागलं नाही." कारखान्यातल्या दुसऱ्या माणसानं दुसरी पट्टी मागितली, मग तिसऱ्यानं तिसरी.

तौर आता हे काम रीतसर करू लागले. पुढच्या चाकाला फेरे मोजणारं छोटं यंत्र बसवलं. उतार मोजायला शाळेतल्या कोनमापकाला दोरा बांधून त्याला ओळंबा लावला. चढाच्या पायथ्याशी उतरून ते कोनमापक डोळ्यासमोर धरत, तेव्हा गुराखी गुरं सोडून बघायला येत. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांच्याकडं पुण्याभोवतालच्या तेरा वाटांच्या पट्ट्या झाल्या होत्या, गुंडाळून एका पत्र्याच्या नळकांड्यात ठेवलेल्या.

शहाण्णव साली कारखान्यात कॉम्प्युटर आले. जे काम करायला बारा ट्रेसरांना आठवडा लागे, ते दोन मुलं खुर्चीत रेलून दुपारपर्यंत उरकू लागली. देवसाहेब तोवर निवृत्त झाले होते. बारातल्या चौघांना कॉम्प्युटर शिकायला पाठवलं, बाकीच्यांना इकडं तिकडं लावलं. तौरांच्या वाट्याला जुन्या आराखड्यांची खोली आली. मागेल त्याला कागद काढून द्यायचा आणि परत आला की जागेवर ठेवायचा, एवढंच काम. अठरा वर्षं रोज शाई लागलेली त्यांची बोटं पहिल्यांदाच स्वच्छ राहू लागली. घरी त्यांनी याबद्दल फारसं काही काढलं नाही. सोजरबाईंच्या मात्र लक्षात आलं, की हा माणूस आता रविवारी पहाटे चारलाच उठून बसतो.

चौदावी वाट समुद्राची होती. पौड, मुळशी, ताम्हिणीचा घाट, खाली विळे, मग माणगाव, म्हसळा आणि शेवटी दिवेआगर. एकूण दीडशे किलोमीटरच्या वर. तौरांनी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. नव्व्याण्णवच्या डिसेंबरात रजा काढून ते निघाले. ताम्हिणीपर्यंत सगळं मोजत गेले. घाटमाथा ओलांडून उतार सुरू होतो तिथं एका खड्ड्यात पुढचं चाक आदळलं आणि चाक ज्यात बसतं तो चिमटाच तडकला. भाताची पोती घेऊन खाली चाललेल्या एका टेम्पोवाल्यानं त्यांना सायकलसकट मागं बसवलं. तो सगळा उतार तौर पोत्यांवर पाठमोरे बसून उतरले. रस्ता पुढून येताना दिसलाच नाही, मागं पळताना दिसला, तोही धुळीतून. खाली उतरल्यावर त्यांनी टेम्पोवाल्याला विचारलं, उतार कसा आहे? तो म्हणाला, "सोपा आहे मामा, अकरा किलोमीटर. भ्यायचं काही काम नाही."

ते तिथूनच एसटीनं परत आले. पुढच्या वर्षी सायकल एसटीच्या टपावर टाकून माणगावला गेले आणि माणगावच्या दोन्ही बाजूंचा, विळ्यापर्यंतचा आणि दिवेआगरपर्यंतचा, रस्ता मोजून आले. समुद्रही पाहिला. मग घरी बसून त्यांनी पट्टी शाईनं पुरी केली. राहिले होते ते मधले अकरा किलोमीटर. तिथं तुटक रेघ काढायला हवी होती. तौरांनी पेन उचललंही. पण आजवरची ती सर्वांत लांब आणि सर्वांत देखणी पट्टी होती, आणि मधोमध तुटक रेघेनं तिचं तोंड विद्रूप झालं असतं. शिवाय पुढच्या हिवाळ्यात जाऊन मोजायचंच होतं. त्यांनी टेम्पोतून पाहिलेली नऊ वळणं आठवून काढली, 'सोपा उतार' असं लिहिलं आणि रेघ अखंड ओढली.

पुढच्या हिवाळ्यात मुलीची, रुपालीची, दहावी होती. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात कारखाना माणसं कमी करणार अशी बोलणी चालू होती. दोन हजार तीन साली तौरांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि खडकी बाजारात एका ओळखीच्या सायकल दुकानात बसू लागले. अकरा किलोमीटर राहिले ते राहिलेच.

त्याच वर्षी पौडच्या अलीकडं त्यांना सहा-सात तरुण मुलंमुली भेटली. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेटं, सायकली गिअरच्या, आणि सगळे एका चहाच्या टपरीसमोर वाट चुकून उभे. टपरीवाल्यानं पाटी लावली होती : 'येथे फक्त चहा मिळतो. पत्ता नाही.' तौरांनी नळकांड्यातून पट्टी काढून त्यांच्यातल्या एका मुलीच्या हातात दिली. ही नम्रता, यवतमाळची. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होती आणि कंपनीच्या बसमध्ये दिवसाचे तीन तास काढून वैतागल्यावर तिनं सायकल घेतली होती. तिनं पट्टी उलटसुलट करून पाहिली. हे कुठून छापलं, असं तिनं विचारलं. तौर म्हणाले, छापलेलं नाही, हातानं काढलंय. तेव्हा तिनं पट्टीवरची एक घागर बोटानं चाचपून पाहिली.

मग पट्ट्यांचं नाव पसरत गेलं. नम्रताच्या कंपनीतल्या दिग्विजय नावाच्या मुलानं सगळ्या पट्ट्या स्कॅन करून इंटरनेटवर टाकल्या. वर्षभरात लोक त्यांना 'तौरपट्टी' म्हणू लागले. मुंबईहून, नाशिकहून माणसं ती उतरवून घेत. एकदा कंपनीनं तौरांना हिंजवडीला बोलावलं. गळ्यात पाहुण्याचं ओळखपत्र अडकवून त्यांना भल्यामोठ्या जेवणघरात नेलं. शंभरएक मुलं जमली होती. दिग्विजयनं भिंतीवर ताम्हिणीची पट्टी मोठी करून दाखवली आणि सांगितलं, की यातलं इंचन् इंच काकांनी स्वतः मोजलेलं आहे. टाळ्या पडल्या. ज्या यंत्रानं आपलं टेबल काढून घेतलं, त्याच यंत्राच्या पडद्यावर आपली रेघ एवढी मोठी झालेली बघून तौरांचा ऊर भरून आला. 'इंचन् इंच नाही' हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण टाळ्या चालू होत्या. त्यांनी हात जोडले.

दोन हजार पाचच्या डिसेंबरात नम्रता आणि आणखी चौघं त्या पट्टीवर दिवेआगरला निघाली. दुपारी दिग्विजयचा दुकानात फोन आला. ताम्हिणीच्या उतारावर नम्रता पडली होती. खांद्याचं हाड मोडलं होतं, गाल सोलवटला होता. वळणावर खडी होती म्हणे. तिला पुण्यात आणत होते.

तौरांनी विचारलं, "कितव्या वळणावर?"

दिग्विजयला तो प्रश्न चमत्कारिक वाटला. पण बरोबरच्या मुलांना विचारून त्यानं सांगितलं, की पट्टीवर तिथं वळण दाखवलेलंच नव्हतं. लगेच तो असंही म्हणाला, की काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पीडब्ल्यूडीनं वळण नंतर केलं असेल. डोंगरातलं वळण कुणी नंतर करत नाही, हे तौरांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात गेले. यवतमाळहून नम्रताचे आईवडील यायचे होते, खोलीत ती एकटीच होती. हात गळ्यात बांधलेला, अर्धा चेहरा पट्ट्यांनी झाकलेला. तिनं हसायचा प्रयत्न केला. सगळे तिला हेच सांगत होते, की खडीमुळं झालं, आणि तीही तेच बोलू लागली.

"खडी होती," तौर म्हणाले. "पण पट्टीवर वळण नव्हतं. तो तुकडा मी मोजलेला नाही, नम्रता. टेम्पोत पाठमोरा बसून उतरलो होतो. अंदाजानं काढला आणि मोजल्यासारखी रेघ ओढली. मला माहीत होतं."

नम्रतानं छताकडं बघितलं. मग म्हणाली, "पट्टीवर सोपा उतार लिहिलंय म्हणून मी ब्रेक सोडला होता, काका. दोन्ही."

तौर उभेच होते. तिनंच सांगितलं, "आता तुम्ही जा."

घरी येऊन त्यांनी सोजरबाईंना सगळं सांगितलं, तुटक रेघेपासून दवाखान्यापर्यंत. सोजरबाई पोळ्या लाटत होत्या. नवऱ्याच्या पट्ट्यांचं त्यांना तसं कौतुक नव्हतं, पण हा माणूस खोटं बोलत नाही एवढं त्या आजवर धरून चालल्या होत्या. त्यांनी पोळी तव्यावर टाकली.

"मग आता बसून कामून राह्यलात?" त्या म्हणाल्या. "ऱ्हायलेलं मोजून या की."

तौर दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले आणि मुक्कामाला ताम्हिणीत पोचले. सकाळी उतारावर त्यांनी सायकल चालवली नाही. हातात धरून पायी उतरले. दर शंभर पावलांवर थांबायचं, कोनमापक धरायचं, वहीत लिहायचं. सहा तास लागले. उतार अकरा किलोमीटरचा नव्हता, साडेबारा भरला. वळणं नऊ नव्हती, सतरा होती. त्यांतलं अकरावं वळण उताराच्या ऐन वेगात एकदम डावीकडं मुरडलेलं होतं, आणि बाहेरच्या बाजूला फुटलेल्या लाल दिव्याचे तुकडे अजून पडलेले होते. तिथं तौर पुष्कळ वेळ बसून राहिले. जाणारे-येणारे ट्रकवाले हॉर्न देऊन विचारत होते, की काका, बिघडलंय का काही?

परत आल्यावर ते थेट हिंजवडीला दिग्विजयकडं गेले. जुनी पट्टी काढून टाक, म्हणाले. दिग्विजय मुलगा चांगला होता, त्यानं लगेच काढली. नवी चढवू आणि खाली बारीक अक्षरात एक सूचना टाकू, की वापरणाऱ्यानं स्वतःच्या जबाबदारीवर वापरावं. सगळीकडं तसंच असतं, असं त्यानं सुचवलं. पण आधीच शेकडो लोकांनी ती उतरवून घेतली आहे, त्यांना आता कसं गाठणार, असंही तो म्हणाला.

तौरांनी कागद मागितला. ट्रेसरच्या त्या सुबक अक्षरात पाच ओळी लिहिल्या आणि सांगितलं, हे बारीक अक्षरात नको, सगळ्यांच्या वर लाव. ओळी अशा होत्या :

'ताम्हिणीच्या उताराची रेघ मी मोजून काढलेली नव्हती. धावत्या टेम्पोतून पाठमोरे पाहून काढली. त्या भरवशावर गेलेली एक मुलगी पडून जखमी झाली. ही चूक रस्त्याची नाही, माझी आहे. ज्यांच्याकडे जुनी पट्टी असेल त्यांनी ती फाडून टाकावी. – बद्रीनाथ तौर, बोपोडी.'

दिग्विजयनं ते दोनदा वाचलं. काका, नाव तरी गाळू या, म्हणाला. तौरांनी नकारार्थी मान हलवली.

पुढं काय होणार याची तौरांनी तयारी ठेवली होती. लोक हसतील, पट्ट्या टाकून देतील. काहींनी तसं लिहिलंही. पण एवढ्यावर न थांबता त्यांनी एक असं काम अंगावर घेतलं, की दुकानातल्या मालकालाही ते वेडेपण वाटलं. बाकीच्या तेरा वाटा त्यांनी नीटच मोजलेल्या होत्या. तरी त्या सगळ्या पुन्हा मोजायला काढल्या. मालक म्हणाला, त्यांत तर चूक नाही ना? तौर म्हणाले, "एक खोटी निघाली. आता बाकीच्यांची साक्ष कोण देणार?"

तेरा वाटांना चौदा महिने लागले. तौरांचं वय पन्नाशी ओलांडलेलं, सायकल तीच काळी, जड. आणि दहा वर्षांत पुणं त्यांच्या पट्ट्यांवरून केव्हाच बाहेर सांडलं होतं. कात्रजकडं जिथं झाडं काढली होती तिथं रस्ता रुंद झाला होता आणि सावली गेली होती. मुंढव्याचे मळे बुजून तिथं काचेच्या इमारती उभ्या होत्या. हिंजवडीच्या पुढं माणच्या रस्त्यावर त्यांनी एक घागर काढली होती, ती विहीर काही केल्या सापडेना. रस्त्याकडेला सरुबाई नावाची एक म्हातारी शेळी बांधत होती. तिला विचारलं.

"हिर व्हय? ती काय तिथंच हाय," ती गाड्यांच्या तळाकडं हात करून म्हणाली. "वरून डांबर घातलंया. आमचीच व्हती. लेकानं इकली." मग तिनं घरातून तांब्या भरून आणला आणि तौर पाणी पीत असताना विचारलं, की कशासाठी शोधताय? तौरांनी पट्टी दाखवली. आपल्या विहिरीची घागर कागदावर बघून म्हातारीनं ती खोडू नका म्हणून सांगितलं. तौर म्हणाले, खोडावी तर लागेल मावशी, कुणी तहानलेला येईल. ते तिला पटलं. मग माझा नळ लिहा, म्हणाली. नव्या पट्टीवर त्या जागी लिहिलं आहे : 'सरुबाईंचा नळ. हाक मारावी.'

प्रत्येक नव्या पट्टीच्या डोक्यावर आता मोजल्याची तारीख होती. जिथं पाऊस, काम चालू असलेला पूल किंवा आणखी कशानं मोजता आलं नव्हतं, तिथं रेघ तुटक होती आणि शेजारी कारण लिहिलेलं होतं. असे तुटक तुकडे असलेल्या पट्ट्या काही देखण्या नव्हत्या. पण गंमत अशी झाली, की लोक त्याच मागू लागले. नाशिकच्या एका डॉक्टरांनी लिहून कळवलं, की तुमच्या तुटक रेघांमुळं अखंड रेघांवर निर्धास्त जाता येतं.

नम्रता मात्र आली नव्हती. तौरही परत गेले नाहीत. तिनं जा म्हटलं होतं, तर बोलवीपर्यंत जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. चौकशी ते दिग्विजयकडून करत. हाड जुळलं, पट्टी सुटली, कामावर रुजू झाली, सायकल मात्र गॅलरीत उभी आहे.

दोन हजार सातच्या जानेवारीत एका रविवारी ती बोपोडीच्या घरी आली. गालावर पांढुरका व्रण राहिला होता. सोजरबाईंनी तिला आत बसवलं, चहा दिला आणि व्रणाकडं सरळ बघून विचारलं, की दुखतं का गं अजून? थंडीत खांदा दुखतो, नम्रता म्हणाली. मग तिनं तौरांकडं ताम्हिणीची नवी पट्टी मागितली. जमिनीवर पसरून ती गुडघ्यांवर बसली आणि बोटानं एकेक वळण मोजत खाली आली. अकराव्यापाशी बोट थांबलं. तिथं जाड लाल शाईत लिहिलं होतं : 'येथे उतरून चालावे.'

"तुमच्या त्या पाच ओळी मी त्याच आठवड्यात वाचल्या होत्या," ती म्हणाली. "खूप राग होता. वाचल्यावर राग ठेवायला जागा राहिली नाही, त्याचाही राग आला." मग ती म्हणाली, "मला समुद्रापर्यंत जायचंय काका. तुम्ही चला. पण तुम्ही मागं राहायचं. पुढं मी राहणार, पट्टी बघून."

तौरांना पुढं राहायचं होतं. प्रत्येक वळणाआधी हात वर करून सांगायचं होतं. पण ती काय मागते आहे ते त्यांना कळलं. ते हो म्हणाले.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी दोघं निघाली. मुळशीला नाश्ता, ताम्हिणीत मुक्काम. सकाळी घाटमाथ्यावर नम्रतानं पट्टी हँडलला चिमट्यांनी लावली, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि उतारावर सायकल सोडली. तौर पन्नास पावलं मागं होते. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. ती मान खाली घालून पट्टी बघे, वर बघे, ब्रेक आवळे, वळे. पाचव्याला तिनं वेग जरा जास्त ठेवला आणि मागं तौरांनी स्वतःचेच ब्रेक आवळले. बायकोला, मुलीला, देवसाहेबांनाही कधी सांगितलं नाही असं काहीतरी ते त्या उतारावर मनातल्या मनात बोलत होते. दहावं गेलं. पुढं रस्ता सरळ आणि मोहात पाडणारा दिसत होता.

नम्रतानं ब्रेक दाबले. उतरली. सायकल हातात धरून चालत वळणापर्यंत गेली आणि कठड्यापाशी थांबली. तौरही उतरून मागं उभे राहिले. खाली दरीत ऊन पसरलं होतं.  पाचेक मिनिटांनी तिनं पट्टीवर पुढचं बघितलं, "यानंतर दोनशे मीटर सरळ, मग उजवीकडं," असं मोठ्यानं वाचलं आणि पुन्हा सायकलवर बसली. उरलेली सहा वळणं तिनं एका दमात उतरली.

म्हसळ्याला दुसरा मुक्काम करून तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं दिवेआगरला पोचली. सुपारीच्या बागांमधून रस्ता संपतो आणि एकाएकी समोर पाणी येतं. सोजरबाई आणि रुपाली आदल्या दिवशीच एसटीनं येऊन राहिल्या होत्या. सोजरबाई गुडघाभर पाण्यात, लुगडं खोचून, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या. पन्नाशीत पहिल्यांदा समुद्र बघत होत्या. नवरा शेजारी येऊन उभा राहिला तरी त्यांनी मान वळवली नाही.

"एवढं मोठं हाय हे, आणि सात वर्षांपाठी येऊन गेलात तवा मला म्हनलात, बरं होतं," त्या म्हणाल्या. 

नम्रता सायकल वाळूत आडवी टाकून बूट काढत होती. सोजरबाईंनी तिला हाक मारून पाण्यात बोलावलं आणि लाटेला भ्यायचं नसतं, पाय रोवून उभं राहायचं, हे एका दिवसाच्या अनुभवावरून तिला समजावून सांगितलं.

त्यानंतर पट्ट्या चौदाच्या बावीस झाल्या. मग फोनमध्येच नकाशे आले आणि पट्ट्या मागणारे कमी झाले. तौरांना त्याचं वाईट वाटलं नाही. फोनमधला नकाशा आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त जाणतो, फक्त त्याला काय माहीत नाही ते तो सांगत नाही, एवढंच ते म्हणत. नम्रता बंगळूरला गेली. पुण्याला आली की बोपोडीला येते, आणि दोघं नदीकाठानं मांजरीपर्यंत जाऊन येतात.

तौर आता सत्तरीला टेकले आहेत. घाट गुडघ्यांना झेपत नाहीत, पण इंद्रायणीच्या काठानं तुळापूरला ते अजून जातात. गेल्या थंडीत तिथं संगमावर ते बसलेले असताना एक जोडपं नव्याकोऱ्या सायकली घेऊन आलं. ही कोण असामी हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, आजोबा, पुढं रस्ता कसा आहे?

"पुलापर्यंत चांगला आहे," तौर म्हणाले. "त्यापुढं मी यंदा गेलेलो नाही."

जोडपं आभार मानून निघालं. तौर जरा वेळ बसले. मग त्यांनी बाटलीत पाणी किती उरलंय ते पाहिलं, सायकल उचलली आणि पुलाच्या दिशेनं त्यांच्या मागोमाग निघाले.